मेलापुऱ्याला गेलेलं यंत्र

शिबू सरांना नारळ सोलता येत नव्हता. येत नाही तर नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोचीच्या माणसाला सोललेला नारळ दुकानात मिळतो. पण नारळाच्या धंद्यावर बायकांना तीन दिवस शिकवायला यायचं, आणि पहिल्याच सकाळी हौसेने जमिनीत रोवलेल्या सळईवर नारळ मारताना स्वतःच्या अंगठ्याचं सालटं काढून घ्यायचं, एवढं तरी त्यांनी टाळायला हवं होतं. अंगठा पट्टीत गेला आणि सारोम्माबीच्या मनातून सर जे उतरले ते उतरलेच.

शाळेच्या मोठ्या वर्गात बावीस बायका बसल्या होत्या. कोचीच्या कुठल्याशा संस्थेने लांबलांबच्या बेटांवरच्या छोट्या धंद्यांना हातभार लावायचं मनावर घेतलं होतं, आणि तो हातभार घेऊन शिबू सर जहाजातून ओकत ओकत आले होते. येताना रंगीत कागदांचा गठ्ठा आणला होता. प्रत्येकीला 'इत्ता', म्हणजे ताई, म्हणत एक गुलाबी कागद आणि एक खडू देऊन ते म्हणाले, "इत्ता, यावर तुमचं स्वप्न काढा."

बायका एकमेकींकडे बघून पदराआड हसल्या. सारोम्माबी पदराआड हसणाऱ्यांतली नव्हती. तिने कागदावर एक गोल काढला आणि कागद परत केला.

"हे काय आहे?"

"नारळ."

"पण स्वप्न कुठाय, इत्ता?"

"दिवसभर काम करून झोपणाऱ्याला स्वप्नं पडत नाहीत, सर. तुम्हाला पडत असतील."

सरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. हसले, वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढचा प्रश्न टाकला. तुमचा ग्राहक कोण? सारोम्माबी म्हणाली, ज्याच्या घरी पाळणा हलतो तो. तुमचे स्पर्धक कोण? ती म्हणाली, "आमची नणंद हाजराबी म्हणते की ती पण तेल करते. लोक दाराच्या बिजागरीला लावतात." सगळा वर्ग खिदळला. हाजराबी शिकायला आलीच नव्हती, पण दुपारपर्यंत ते वाक्य तिच्या अंगणात पोहोचलं असणार. या बेटाच्या एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचे लोक तब्येत विचारायला येतात.

हाजराबीच्या तेलाबद्दल ती बोलली ते खोटं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. सारोम्माबीच्या तेलाची गोष्टच वेगळी होती. नारळ खोवायचा, दूध पिळायचं, रात्रभर ठेवून वर आलेली साय तेवढी घ्यायची, आणि करवंट्यांच्या मंद जाळावर काशाच्या कढईत आटवत बसायचं. साय तपकिरी होऊन तळाला बसते, वर तेल मोकळं होतं. त्यात एक क्षण असतो. तो गाठला तर तेलाला खोबऱ्याचा गोड वास येतो, चुकला तर जळकट. सारोम्माबीचा तो क्षण गेल्या पंचवीस वर्षांत चुकला नव्हता. बेटावर मूल जन्मलं की बाळंतिणीच्या घरचा माणूस आधी मशिदीत जायचा आणि मग तिच्याकडे यायचा. तेवढं एक सोडलं तर तिच्यात लोकांना आवडण्यासारखं फारसं काही नव्हतं. तिला माणसं आवडत नसत आणि ती ते लपवत नसे. नारळ काढणारे आळशी, दुकानदार चोर, डॉक्टर पोरगेलसा, मौलवी खादाड. नवऱ्याबद्दल ती फारसं काही बोलत नसे. तो बोलण्याजोगा नाही, असं तिचं मत होतं.

मग ती रंगीत कागदांच्या त्या तमाशाला आलीच कशाला? तर मनगटापायी. उजवं मनगट दोन वर्षांपासून सुजत होतं. पोरगेलशा डॉक्टरने सांगितलं होतं, "खोवणं बंद करा, नाहीतर हात बंद होईल." ती डॉक्टरला हसली, पण मनगट काही हसलं नाही. गेल्या वर्षी हात असा धरला की घासही डाव्या हाताने घ्यावा लागला. तेव्हापासून खोवणीवर तस्लीमा बसत होती. तस्लीमा तिची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. घरात बायका दोघीच, दुसरं कोण बसणार? बारावीला चांगले गुण मिळवून पोरीने कालिकतच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळवली होती, ती गेल्या वर्षी आईच्या मनगटासाठी सोडून दिली. यंदा जागा पुन्हा मिळाली होती. पावसाळ्यात जहाजं बंद व्हायच्या आत तिला निघायचं होतं. कॉलेजचं पत्र तिने कुराणाच्या फडताळात ठेवलं होतं आणि त्याबद्दल ती आईला एका शब्दाने काही म्हणत नव्हती.

म्हणून शिबू सरांच्या गठ्ठ्यातला एकच कागद सारोम्माबीने नीट पाहिला होता. त्यावर यंत्राचं चित्र होतं. एका बाजूने खोबरं टाकायचं, विजेवर ते खोवलं जायचं, आणि दुसऱ्या बाजूने दूध पिळून बाहेर. बेटाला एकच यंत्र मिळणार होतं, आणि कोणाला द्यायचं यात वाद नव्हताच. सारोम्माबीने घरी येऊन मुलीला सांगितलं, "ते यंत्र आलं की तू सुटलीस. कालिकतला जा, नाहीतर मक्केला जा. मला तुझे हात नकोत."

तिसऱ्या दिवशी अर्ज भरायचा होता. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून सर बसले. सारोम्माबी समोरच्या बाकावर बसली, मागे तस्लीमा उभी राहिली आणि आजूबाजूला बाकीच्या एकवीस जणी. नाव, वय, धंदा झालं. मग सरांनी विचारलं, "कुटुंबप्रमुख?"

"मी."

सर अडखळले. "नाही, म्हणजे तुमचे मिस्टर हयात आहेत ना?"

"आहेत. संध्याकाळी जेवायला येतात."

ते तसंच होतं, त्यात विनोद काही नव्हता. या बेटावर नवरा आपल्या आईच्या घरी राहतो, बहिणींसाठी राबतो, संध्याकाळच्या नमाजानंतर बायकोच्या घरी येतो, जेवतो, झोपतो आणि सकाळच्या चहाआधी परत आईच्या घरी. घर बायकांचं. आईकडून मुलीला जातं. कोचीच्या माणसाला हे कळायला जड, आणि सरांना अर्ज त्याच संध्याकाळच्या जहाजाने पाठवायचा होता.

"इत्ता, तुमचं नावही घालता येईल," ते म्हणाले. "पण नवरा असताना बायको प्रमुख म्हटलं की संस्थेचे लोक शंका काढतात. मग तुमच्या थोरल्या भावाची सही लागेल, घराचा दाखला लागेल. पुढच्या जहाजाने पाठवू."

"उम्मा," मागून तस्लीमा हळूच म्हणाली, "आपलंच नाव घाल. मी मामाची सही आजच्या आज आणते."

सारोम्माबीने मान वळवली नाही. तिला त्या टेबलाचा, त्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याचा आणि त्या अर्जाचा इतका कंटाळा आला होता की आणखी एक कागद बघणं तिला आपला अपमान वाटलं.

"घाल बाबा नवऱ्याचं नाव," ती म्हणाली. "तुमच्या मुलखात मिशा असल्याशिवाय प्रमुख होता येत नसेल तर घाल. तो माझ्या घरचा प्रमुख असला काय आणि पाहुणा असला काय, खोबऱ्याला काय कळतंय?"

व्हरांडा हसण्याने दणाणला. सरसुद्धा हसले, आणि हसता हसता त्यांनी नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. पूर्ण नाव म्हणजे आधी घराचं नाव, मग माणसाचं. ते सारोम्माबीनेच सांगितलं: मेलापुरा चेरियकोया.

यंत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. जहाज प्रवाळाच्या बाहेर थांबलं आणि मालाच्या होडीतून लाकडी खोका धक्क्यावर उतरला. खोक्यावर काळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मेलापुरा चेरियकोया. हमालांना वाचता येत होतं. त्यांनी खोका हातगाडीवर चढवला आणि मेलापुऱ्याला, म्हणजे चेरियकोयाच्या आईच्या घरी, म्हणजे हाजराबीच्या अंगणात नेऊन उतरवला. यात कोणी लबाडी केली नाही. बेटावर माणसाच्या नावावर आलेली वस्तू त्याच्या आईच्या घरी जाते. जहाजावर नोकरी करणारे बेटावरचे कितीक पुरुष सामान पाठवतात, ते दुसरीकडे कुठे जातं? बायकोच्या घरी न्यायचं असेल तर माणूस हातात घेऊन, मनाने देतो. हमाल नेऊन देत नाहीत.

सारोम्माबी घरी वाट बघत बसली होती. पडवीत जागा झाडून घेतली होती, विजेची तार ओढून घेतली होती. हातगाडी फाटकावरून सरळ पुढे निघून गेली.

संध्याकाळी चेरियकोया जेवायला आला. हा माणूस होड्या दुरुस्त करायचा. उंच, वाकलेला, आणि कोणी मोठ्याने बोललं की डोळे मिचकावणारा. त्याने हात धुतले, चटईवर बसला आणि समोर भात-मासे आले नाहीत तेव्हा वर बघितलं.

"माझं यंत्र कुठाय?" सारोम्माबीने विचारलं.

"मेलापुऱ्याला."

"तिथे काय करतंय?"

"हाजरा म्हणते, कोयाच्या नावाने आलं तर मेलापुऱ्याचं."

"आणि तू काय म्हणालास?"

चेरियकोयाने डोळे मिचकावले. "मी काय म्हणणार, सारो? तिथे जन्मलो, इथे जेवतो."

"तू होडीच्या तळाला डांबर फास. तुला दुसरं काही जमायचं नाही," ती म्हणाली, आणि तरी भात वाढला. उपाशी माणसाला तिने कधी परत पाठवलं नव्हतं, आणि हा तर इतका निरुपद्रवी की त्याच्यावर रागवणंही तिला वाया गेल्यासारखं वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेलापुऱ्याला गेली. आत गेली नाही. बायको नवऱ्याच्या आईच्या घरात पाऊल टाकते ते लग्नाला, मयताला किंवा ईदला. ती झावळ्यांच्या कुंपणाबाहेर उभी राहून ओरडली, "हाजरा, माझी वस्तू बाहेर काढ."

हाजराबी बाहेर आली. बुटकी, गोरी, हातात बांगड्या. गावात लोक तिला मनमिळाऊ म्हणत. सारोम्माबीच्या मते मनमिळाऊ म्हणजे जिला काहीच येत नाही म्हणून सगळ्यांशी गोड बोलते ती.

"तुझी कशी गं?" हाजराबी म्हणाली. "तुझं नाव कुठाय तिच्यावर?"

"शिकायला कोण बसलं? तीन दिवस त्या माणसाचा रटाळपणा कोणी ऐकला?"

"बसली असशील. माझ्या तेलाला नावं ठेवत बसलीस तेही कळलं मला. नाव कोणी सांगितलं? तू. तुझ्याच तोंडाने, बावीस बायकांसमोर."

"तुला ते चालवता तरी येणार आहे का?"

"शिकेन."

"तू? तू दूध उतू जाताना बघत उभी राहतेस."

हाजराबीच्या गालांवर लाली चढली, पण तिने आवाज चढवला नाही. कुंपणाच्या जवळ आली आणि म्हणाली, "सारो, एक सांग. तुझ्या पडवीत मासे ठेवायचा फ्रीजर आहे, तो कोणाचा?"

हाजराबी उत्तरासाठी थांबली नाही.

"तुझ्या भावाने, मुत्तुकोयाने, बायकोसाठी आणला होता ना? बिचारी बीफातुम्मा धक्क्यावर उभी होती न्यायला. तू जाऊन हातगाडी वळवलीस. म्हणालीस, आमच्या माणसाच्या नावावर आलेली वस्तू आमच्या घरात. तेव्हा मी म्हटलं, बरोबर बोलते सारो, रीतच आहे ती. आजही तेच म्हणते."

कुंपणाभोवती आता दहा-बारा माणसं जमली होती. कोणीतरी मागे खाकरलं. सारोम्माबी वळली आणि घरी आली. वाटेत तिने कोणाकडे पाहिलं नाही. फ्रीजरची गोष्ट खरी होती. आणि त्या दिवशी धक्क्यावर बीफातुम्मा रडली होती तेव्हा तिला काय वाटलं होतं, तेही तिला नीट आठवत होतं. तिला वाटलं होतं, रडणाऱ्या बाईला एवढीसुद्धा रीत कळत नाही.

संध्याकाळी बायकोकडे निघालेल्या थोरल्या भावाला तिने थांबवून बसवलं. मुत्तुकोया घरचा कारणवर, म्हणजे बहिणीच्या घराचा कारभार बघणारा. त्याने सगळं ऐकलं, फ्रीजरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मी मेलापुऱ्याला जाऊन कुठल्या तोंडाने बोलू?"

"भाऊ आहेस ना माझा?"

"म्हणूनच विचारतो. तो फ्रीजर बीफातुम्माकडे पोचवतो, मग जातो. चालेल?"

"का? माझ्या वस्तूसाठी मी तिच्यापुढे नाक घासू?"

"मग नाही जात," मुत्तुकोया म्हणाला आणि चहा न घेता उठला.

तस्लीमा खोवणीवर बसून ऐकत होती. तिने खोबऱ्याची वाटी उलटी केली आणि पुढची घेतली.

पुढचे दोन महिने सारोम्माबी मेलापुऱ्याच्या वासावर जगली म्हटलं तरी चालेल. हाजराबीने यंत्र चालू केलं खरं. पहिल्या दिवशी करवंटीचे तुकडे काढलेच नाहीत, त्यामुळे दाते अडकले. दुसऱ्या आठवड्यात दूध भरपूर निघालं, पण साय वर यायला रात्रभर ठेवायची असते हे कोण सांगणार? तिने सगळं दूध तसंच कढईत ओतलं आणि जाळ मोठा केला. त्या दुपारी वाऱ्याबरोबर जळकट वास सबंध बेटावर पसरला. सारोम्माबी अंगणात येऊन खोल श्वास घेऊन म्हणाली, "घ्या! आमच्या नणंदेचं अत्तर!" शेजारणी हसल्या. त्यानंतर वास आला की त्या आपणहून म्हणू लागल्या, "सारो, अत्तर आलं गं." मग वास यायचाही बंद झाला. यंत्र ताडपत्रीखाली गेलं.

त्या दोन महिन्यांत सारोम्माबी जेवढी हसली तेवढी आधी कधी हसली नव्हती. नारळ मात्र रोज तेवढेच खोवावे लागत होते, आणि ते तस्लीमा खोवत होती. तिच्या बोटांना घट्टे पडले होते. कॉलेजला यायचं नक्की असेल तर मेच्या मध्यापर्यंत कळवा, असं दुसरं पत्रही आलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाआधीच्या शेवटच्या मोठ्या जहाजातून शिबू सर तपासणीला आले. बरोबर संस्थेच्या मोठ्या मॅडम होत्या, डोक्यावर भली थोरली टोपी घातलेल्या. जहाज सकाळी आलं होतं आणि चार वाजता परत निघणार होतं. त्यांनी धक्क्यावरच लोकांना सांगितलं, की बऱ्याच बेटांवर यंत्रं नुसती गंजत पडलीत. चालू दिसलं नाही, तयार माल दिसला नाही, तर यंत्र आजच्या आज परत नेणार. मागणारी दुसरी बेटं कितीतरी आहेत.

भर दुपारी सारोम्माबीच्या फाटकाची कडी वाजली. ती बाहेर आली तर समोर चेरियकोया. एकवीस वर्षांच्या लग्नात तो दिवसाउजेडी या फाटकात कधी आला नव्हता. घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि येताना कोणी बघितलं असेल या लाजेने त्याची मान वर होत नव्हती.

"काय, मेलं कोण?"

"कोणी नाही. सारो, ते यंत्र नेतायत."

"नेऊ दे."

"ऐक तर. हाजरा म्हणते, तू चल. आत्ता चल. तू त्यांच्यासमोर चालव, तुझं तेल दाखव, यंत्र राहील. आणि पुढे रोज सकाळी तू यायचंस, यंत्र तुझ्या हाताखाली, तेल तुझं. तिला घरापुरतं दिलंस की झालं. तिने स्वतः म्हटलंय. मशिदीच्या शपथेवर."

सारोम्माबीच्या मागे दारात तस्लीमा येऊन उभी राहिली होती. तिच्या हाताला ओलं खोबरं लागलेलं होतं.

खरं सांगायचं तर सारोम्माबीने त्या क्षणी मनात हिशेब केला. यंत्र तिच्या हाताखाली. मनगटाची सुटका. पोरगी जहाजावर. सगळं अगदी पाच मिनिटांच्या वाटेवर होतं. आणि मग तिला ती वाट दिसली. भर दुपारी, सगळ्या बेटासमोर, हातात तेलाच्या बाटल्या घेऊन आपण मेलापुऱ्याच्या फाटकातून आत शिरतोय, आणि बुटकी, गोरी हाजरा बांगड्या वाजवत म्हणतेय, ये सारो, ये.

"तिने स्वतः म्हटलं?" सारोम्माबी म्हणाली. "वा! किती उपकार! माझंच यंत्र, मीच चालवायचं, तिच्या अंगणात जाऊन. मी काय कोचीकडची सून आहे, नवऱ्याच्या घरी राबायला? आमच्या घरातली बाई आजवर कोणाच्या अंगणात राबली नाही."

"सारो, कोण बघतंय..."

"सगळं बेट बघतंय. तेच तर हवंय तिला. जा, तिला सांग, जमलं तर स्वतः तेल कर. दोन महिने अत्तर केलं तसं."

"तिला नाही जमत. तिने कबूल केलंय."

"मग मॅडमसमोर कबूल कर म्हणावं."

"उम्मा," तस्लीमा म्हणाली.

"तू आत जा."

चेरियकोया उभाच राहिला. त्याने एकदा मुलीकडे बघितलं, मग बायकोकडे. "पोरीचा तरी विचार कर," तो म्हणाला.

या माणसाने आपल्याला विचार करायला सांगावं, याचा सारोम्माबीला असा संताप आला की तिचा आवाज चिरला. "तू? तू मला शिकवणार? एका घरात जन्मलास, दुसऱ्या घरात जेवलास, आणि दोन्हीकडे कधी कवडीच्या कामाचा झाला नाहीस. चल, नीघ. तुझं दर्शन संध्याकाळी एकदा पुरे होतं मला."

तो गेला. कुंपणापलीकडच्या शेजारणींनी चट्कन माना खाली घातल्या. आज मात्र कोणी हसलं नाही.

तीनच्या सुमाराला शिबू सर घामाघूम होऊन तिच्या फाटकाशी आले. आता अंगठा बरा झाला होता.

"इत्ता, मला आत्ता कळलं. चूक माझी आहे. तुमच्या पद्धती मी समजून घ्यायला हव्या होत्या. पण अजून अर्धा तास आहे. तुम्ही नुसत्या तिथे आलात तर मी मॅडमशी बोलतो."

हा पोरगा माफी मागतोय हे बघून तिला क्षणभर बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यातच ती म्हणाली, "सर, घेऊन जा ते. आणि जिथे न्याल तिथे आधी विचारा, नवरा कुठे झोपतो ते."

सर हसले नाहीत. ते म्हणाले, "ठीक आहे, इत्ता," आणि पाठ फिरवून भराभर धक्क्याकडे गेले.

जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा ती पडवीत बसली होती. तस्लीमा न सांगता धक्क्यावर गेली होती. ती परत आली ती सावकाश, उन्हाने लाल झालेली.

"गेलं?" सारोम्माबीने विचारलं.

"गेलं. चार माणसांनी होडीत चढवलं. हाजरा आत्या रडत होती."

"रडू दे."

"तुझ्यासाठी रडत होती. म्हणाली, मी दोनदा निरोप पाठवायला हवा होता, स्वतः जायला हवं होतं."

सारोम्माबी सुजलेलं मनगट चोळत राहिली.

"उम्मा, तू मेलापुऱ्याला राबायला जाणार नव्हतीस," तस्लीमा म्हणाली. "राबणार होतं ते यंत्र."

"तुला काय कळतं त्यातलं? मान असतो घराला."

"तुला यंत्र नकोच होतं. तुला आत्या हरायला हवी होती."

असं सारोम्माबीशी आजवर कोणी बोललं नव्हतं. तोंड सोडायला तिने श्वास भरला. पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथे राग नव्हता. राग असता तर तिने भांडून घेतलं असतं, भांडणात तिला कोणी हरवलं नव्हतं. तस्लीमाच्या चेहऱ्यावर नुसता तिटकारा होता, शांत, आणि कायमचा वाटावा असा.

"मग जा ना तू," सारोम्माबी म्हणाली. तिला ते वेगळ्या आवाजात म्हणायचं होतं. जा पोरी, मी बघेन माझं, असं काहीतरी. पण घशातून निघाला तो नेहमीचाच आवाज. "पुढच्या आठवड्याला छोटं जहाज आहे म्हणतात. जा. कोणी धरून ठेवलंय तुला?"

"तुझं मनगट," तस्लीमा म्हणाली. "कॉलेजला तारखेच्या आत कळवायचं होतं. मी धक्क्यावरच चिठ्ठी लिहून शिबू सरांकडे दिली. जागा दुसऱ्या मुलीला द्या म्हणून."

पदराने हात पुसत ती आत वळली आणि दारातून म्हणाली, "उद्याला किती नारळ सोलून ठेवू?"

सारोम्माबीच्या डोक्यात नकार होता, माफी होती, तिच्यामागे धावत जाऊन तिचे हात धरायचे होते. परवा संध्याकाळी धक्क्याशेजारच्या घरात बारसं होतं आणि घरात होतं ते तेल पुरणार नव्हतं.

"चाळीस," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची किळस आली.